चोवीस पुड्या रुई

१२ नोव्हेंबर, मंगळवार

यवतमाळकडच्या चाचणीतून पुड्या आल्या. चोवीस. निळ्या कागदात, सुतळीने बांधलेल्या, प्रत्येकीवर फक्त आकडा. कोणता आकडा कशाचा ते माझ्या वहीत, आणि वही आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख दामले सर, त्यांच्या कपाटात. आठ पुड्या हाताने वेचलेल्या कापसाच्या. आठ हातात धरायच्या बॅटरीच्या यंत्राच्या. आठ ट्रॅक्टरला जोडलेल्या मोठ्या यंत्राच्या. सरकी काढून नुसती रुई पाठवली आहे.

पण रुईतला कचरा मोजायचं आमचं मशीन बंद. सुटा भाग यायला तीन आठवडे. म्हात्रे (मशीन तेच चालवतात) म्हणाले, "तीन म्हणजे चार धर."

सर म्हणाले, "तोवर पुस्तिकेतलं इतिहासाचं प्रकरण लिहा. वेचणीची यंत्रं कशी बदलत गेली. शेतकऱ्याने एका बैठकीत वाचलं पाहिजे."

माझ्या नावाने छापली जाणारी पहिली गोष्ट. घरी सांगितलं. आई म्हणाली, "नाव मोठ्या अक्षरात घालतले काय?"

१४ नोव्हेंबर

प्रकरण सुरू. सगळ्यात जुनं यंत्र म्हणजे यंत्र नव्हतंच. फळ्यांची घसरगाडी, पुढे फटी. खेचर ओढायचं, झाडं फटींतून जायची, बोंडं अडकून तुटायची आणि गाडीत पडायची. पान, काडी, हिरवं बोंड सगळं एकत्र. पुढे फिरते ब्रश आले, खेचराच्या जागी ट्रॅक्टर आला, पण रीत तीच. झाड ओरबाडायचं.

दुसरी जात चात्यांची. काटेरी पोलादी चात्या गरगर फिरतात, उमललेल्या बोंडातला कापूस तेवढा गुंडाळून घेतात. कापूस नीट धरला जाईना म्हणून बरीच वर्षं अडलं होतं. मग चाती ओली करून पाहिली. ज्याला सुचलं त्याला म्हणे आठवलं की आजी सूत कातताना चाती ओली करायची. हे वाचून फार बरं वाटलं. एवढ्या लोखंडात कुठेतरी एका बाईचा हात आहे.

बाबांना वाचून दाखवलं. ते गॅलरीत बसले होते. बसलेलेच असतात हल्ली. अडतीस वर्षं काळबादेवीच्या एका पेढीत सिलेक्टर होते. चिमूटभर रुई दोन अंगठ्यांत धरून ओढायची, तार किती लांब, किती पक्की, कचरा किती, ते बघून मालाची प्रत ठरवायची. दोन वर्षांपूर्वी धाकट्या शेठनी सगळा माल मशीनवर तपासून घ्यायला सुरुवात केली. बाबांना शाल दिली. शाल आईच्या ट्रंकेत आहे, घडी मोडलेली नाही.

ओल्या चातीचं ऐकून बाबा म्हणाले, "तरीच. परदेशी गाठी यायच्या ना गोदीत, त्यात मध्येच कापसाचा दोरीसारखा पीळ सापडायचा. आम्ही म्हणायचो, हा पिळला कोणी?"

इतक्या वर्षांचा प्रश्न आज सुटला. हसले. किती दिवसांनी.

१७ नोव्हेंबर, रविवार

एक कल्पना. अहवालात मशीनच्या आकड्यांशेजारी एक रकाना हाताचा. अनुभवी सिलेक्टरने हाताने काय ठरवलं तो. आणि खाली बाबांचं नाव. मशीन रुई पिंजून कचरा वेगळा करतं, त्यानंतर त्या नमुन्यात हाताला काही कळत नाही. म्हणजे आधी हात, मग मशीन. मशीन बंद आहे, वेळही आहे.

आमच्या घरात प्रयोगशाळेच्या कागदावर नाव असलेली मी पहिली. दुसरे बाबा होतील.

१९ नोव्हेंबर

सरांना विचारलं. म्हणाले, "चांगलं आहे. करून बघा. त्यांना इथे आणा."

बाबा यायला तयार नाहीत. "ट्यूबलाइटमध्ये कापूस बघतात काय? उत्तरेचा उजेड लागतो. आणि त्या मशीनच्या खोलीत मी नाय बसायचा." दुसरं कारण खरं. मी ताणलं नाही.

नमुने खोलीबाहेर न्यायचे नाहीत अशी पाटी दारावर आहे. रोज तिच्याखालून जाते. तरी दोन मोठ्या पिशव्यांत चोवीस पुड्या घातल्या आणि माझगावहून बसने करी रोडला घरी आणल्या. कंडक्टर म्हणाला, "गाद्या भरताय काय ताई?" मी हो म्हटलं.

२१ नोव्हेंबर

आज सुट्टी घेतली, मुद्दाम बघायला.

समोरचा टॉवर उठल्यापासून गॅलरीत चांगला उजेड साडेनऊ ते अकरा एवढाच. बाबा नवाला तयार. नखं कापलेली, हात साबणाने धुऊन कोरडे केलेले, तेलाचा डबा आईला लांब ठेवायला लावला. गुडघ्यावर काळं फडकं. एकेक पुडी उघडायची, आत बोटं घालून मधली रुई घ्यायची, ओढायची, मोडायची, पुन्हा ओढायची. मग कागदावर लिहायचं.  मी विचारलं की फक्त "थांब."

मला आकडे माहीत, त्यांना नाही. त्यांनी तीन ढीग लावले. हाताच्या आठही बरोबर. ट्रॅक्टरच्या आठही. बॅटरीवाल्यांतल्या सगळ्या उरलेल्या ढिगात आपोआप आल्या म्हणायच्या, पण त्यांतल्या दोन पुड्यांवर ते अडले होते. "ही बाई असेल नाहीतर यंत्र. बाई असली तर घाईत होती."

हाताच्या पुड्यांत त्यांनी आणखी दोन भाग केले. "ह्या दवात वेचल्यात. पान ओलं असलं की मोठा तुकडा राहतो, एका चिमटीत निघतो. ह्या उन्हातल्या. पानाचा चुरा झालाय." वहीतलं उतरवून आणलं होतं, ते बघितलं. तारखेसोबत वेळ लिहिलेली आहे. सगळ्या बरोबर.

यंत्राला उलट दव चालत नाही. कापूस कोरडा व्हायची वाट बघावी लागते. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. त्यांना बोटांनी.

२४ नोव्हेंबर, रविवार

उद्या यवतमाळकडे, दुसऱ्या वेचणीच्या चाचणीला. चार दिवस. पुड्या घरीच ठेवतेय, बाबांना पुन्हा एकदा बघायच्या आहेत.

जाता जाता त्यांना सांगितलं, मला हे यंत्र का हवंय. बायकांची बोटं. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात, नखांच्या कडा फाटतात. दिवसभर वाकून. "बाबा, यंत्राचा कापूस साफ निघाला पाहिजे हो. नाहीतर कोणी घेणार नाही."

"निघेल," म्हणाले.

२९ नोव्हेंबर

परत आले. अंग आंबलंय.

बॅटरीचं यंत्र मी स्वतः चालवलं. कमरेला बॅटरी, हातात दोन छोटे दातेरी रूळ, मागे पिशवी. अर्ध्या तासात मनगट भरून आलं. रुळात कापूस अडकला की थांबून काढायचा. शेजारच्या ओळीत गावातल्या कमलताई दोन्ही हातांनी वेचत होत्या. माझ्या पुढे कधी गेल्या कळलं नाही.

ट्रॅक्टरचं मोठं यंत्र आमच्या झाडांत नीट चालत नाही. झाड उंच, पसरट. बोंडं एकदम उमलत नाहीत, तीन-चार वेळा वेचावं लागतं. यंत्र एकदाच येतं आणि सगळं नेतं. बाहेरदेशी त्यासाठी झाडंच बुटकी केली, दाट लावली, फवारणी करून पानं गाळली. झाडाला यंत्राच्या मापाचं व्हावं लागलं. हे वाक्य पुस्तिकेत घालू का?

जेवणाच्या वेळी कमलताईंना विचारलं, यंत्र आलं तर बरं ना. बोटं बघा तुमची.

"तुम्ही कुठल्या?"

"मुंबईच्या."

"मुंबईत काय वेचता?"

सगळ्या हसल्या. मग दुसरी म्हणाली, "तिला कशाला छळतेस, पोरगी चांगली हाय." कमलताई म्हणाल्या, "यंत्र येऊ द्या ना. आम्ही कुठं अडवतो. पण येणार की नाही ते आधी सांगा. त्या हिशोबानं दुसरं काम धरता येतं. मागल्या साली येणार म्हणाले, आम्ही विटांवर गेलो, आणि इकडं यंत्र आलंच नाही."

मी म्हटलं, आमचा अहवाल आला की नक्की कळेल. मी सांगेन.

२ डिसेंबर

पुड्या परत नेल्या. कोणाला कळलं नाही. बाबांनी सगळ्यांना नवी सुतळी बांधली होती, प्रत्येक गाठ सारखी. सोबत दोन पानं, ठळक अक्षरात. नमुना क्रमांक, तारेची लांबी, बळ, कचरा कमी / मध्यम / जास्त. शेवटी सही. सही तीनदा गिरवून बघितलेली दिसते, मागच्या पानावर ठसे आहेत. पानं सरांना दिली; कुठे बसून बघितलं ते त्यांनी विचारलं नाही.

११ डिसेंबर

मशीन सुरू. म्हात्रेंनी दोन दिवसांत चोवीसही मोजल्या.

विश्वास बसेना. बॅटरीच्या यंत्राची रुई हाताच्या बरोबरीची. ट्रॅक्टरवाल्या थोड्याच मागे. सर म्हणाले, "एवढं चांगलं मी कुठे पाहिलेलं नाही." बाबांच्या रकान्यात यंत्राच्या पुड्यांपुढे 'जास्त' लिहिलंय. सर हसून म्हणाले, "हाताला सवय नसेल यंत्राच्या कापसाची."

मला ते थोडं लागलं. पण आनंद मोठा होता. बसमध्ये खिडकीशी बसून हसत होते बहुतेक, समोरच्या बाई बघत होत्या.

१२ डिसेंबर

बाबांना सांगितलं. म्हटलं, तुमच्यात आणि मशीनमध्ये कचऱ्यावरून फरक आलाय, पण दुसऱ्या मशीनवरची तार, बळ सगळं जुळलं.

"यंत्राचा साफ निघाला ना?"

"हो."

"मग झालं."

२० डिसेंबर

अहवाल गेला. 'यंत्राने वेचलेला कापूस स्वच्छतेत हाताने वेचलेल्याच्या बरोबरीचा आढळला.' माझं वाक्य. सहा गावांचा शेतकरी गट पुढच्या हंगामासाठी यंत्रांची मागणी नोंदवणार आहे, ह्या एका वाक्यावर. बाबांचं नाव तक्त्याखाली आहे. 'हस्तपरीक्षण' आणि पुढे पूर्ण नाव.

बाबांनी ते पान अख्ख्या मजल्याला दाखवलं. सावंतकाका म्हणाले, "काय रे, रिटायर झाल्यावर हुशार झालास?" बाबा म्हणाले, "आधीपासून होतो, छापलं आत्ता."

३ जानेवारी

पुस्तिका गिरगावात छापखान्यात दिली; अहवालातलं ते वाक्यही तीत आहे. शेवटच्या पानांत आजची मोठी यंत्रं. सहा-सहा ओळी एकदम. पूर्वी टोपलं भरलं की थांबून गाडीत ओतावं लागायचं, आत एक माणूस उभा राहून पायांनी कापूस दाबायचा. मग शेताच्या कडेला दाबून मोठी वीट करायला लागले. आता यंत्र चालता चालताच पोटात गोल गठ्ठा करतं, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळतं आणि मागे ठेवून जातं. चालवणारा उतरतही नाही.

बाबा म्हणाले, "म्हणजे थेट सरकी काढायच्या जिनिंगपर्यंत कोणाचा हातच लागत नाय."  मग, "प्लॅस्टिकचा तुकडा रुईत गेला तर सूत वाया जाईल. लिही ते." लिहिलं.

१२ जानेवारी, रविवार

हे लिहायला दुपारपासून बसलेय.

सकाळी आई दारात तांदूळ निवडत होती. सावंतकाकी गप्पांना आल्या. आई म्हणाली, "आमच्याकडे पण वेचणी झाली हो. ही गावाला गेली होती तेव्हा चार दिवस आम्ही दोघं समोरासमोर. मी तांदूळ, हे कापूस. माझे खडे निघाले चार, ह्यांची पानं निघाली वाटीभर."

काकी म्हणाल्या, "मग भात कोणाचा शिजला?"

मी आत होते. बाहेर आले. "कोणता कापूस?"

"तुझोच तो. निळ्या पुड्यांतलो."

"सगळ्या पुड्यांतली पानं काढली?"

"माका काय ठावक. एकेक उघडून बसले होते. चिमट्यान नाय हां, बोटांनी."

"वाटी कुठेय?"

"टाकलंय मगे. कचराच तो."

बाबा खाली गेले होते. आल्यावर काही विचारलं नाही. 

१३ जानेवारी

प्रयोगशाळेत प्रत्येक नमुन्यातली मूठभर रुई राखीव म्हणून डब्यात असते. ती कधीच बाहेर गेली नव्हती. म्हात्रेंना म्हटलं, मला शिकायचंय, मी लावू का? ते चहाला गेले तेव्हा आठ मोजल्या, ते जेवायला गेले तेव्हा बाकीच्या.

हाताच्या आठ: आकडे जवळजवळ तेच.
यंत्राच्या सोळा: कचरा तिप्पट. ट्रॅक्टरच्या त्याहूनही जास्त.

बाबांच्या रकान्यातलं 'जास्त' बरोबर होतं. त्यांनी आधी लिहिलं, मग वेचलं.

१५ जानेवारी

कोणाला सांगितलं नाही. काल संक्रांत होती, तिळगूळ घेतला, दिला.

पेढीत एक रीत होती, बाबा लहानपणी सांगायचे. पुडी गिऱ्हाइकापुढे जायच्या आधी सिलेक्टरने तिच्यातली दिसणारी पानं टिपून टाकायची. उघडल्याबरोबर तोंड स्वच्छ दिसलं पाहिजे. अडतीस वर्षं रोज. बोटं आपोआप करत असतील. यंत्राच्या रुईत पानं जास्त, म्हणून जास्त निघाली. एवढंच असेल.

पण हाताच्या पुड्यांतही दवातली मोठी पानं होती. ती तशीच राहिलीत. कोणती पुडी यंत्राची हे त्यांना नुसत्या स्पर्शाने कळत होतं. आणि जायच्या आदल्या दिवशी मी म्हटलं होतं, साफ निघाला पाहिजे.

ज्या माणसाचं काम मशीनने नेलं त्याने माझं यंत्र जिंकावं म्हणून चार दिवस बसून

नको.

१७ जानेवारी

सहा गावांचे लोक यंत्रं घेतील. जिनिंगला माल गेला की तिथला माणूस मूठ भरून बघेल आणि भाव पाडेल. कमलताईंना तोवर कोणीतरी सांगितलेलं असेल, ह्या वर्षी काम नाही. माझ्या वाक्यामुळे.

यंत्र वाईट नाही. अजूनही असंच वाटतं. झाड बदललं, जिनिंगमध्ये सफाई वाढवली तर चालेल. पण सफाई वाढवली की तार तुटते, हेही सांगायला हवं. मी सांगितलं काय, तर 'बरोबरीचा'.

गप्प राहिले तर कोणालाही कळणार नाही. मार्चमध्ये माझी कायम व्हायची ऑर्डर आहे. घरात पगार माझा एकटीचा. हे दोन्ही लिहून ठेवतेय, म्हणजे नंतर मला खोटं बोलता येणार नाही की ह्याचा विचार केला नव्हता.

१९ जानेवारी, रविवार

सांगितलं. सकाळी, गॅलरीत, ते पेपर वाचत असताना. पुड्या घरी आणायला नको होत्या, चूक माझी, हे आधी सांगितलं. मग राखीव नमुन्यांचं.

पेपर घडी करून ठेवला. "किती फरक?"

"तिप्पट."

"आणि ट्रॅक्टरची?"

"त्याहून जास्त."

"असणारच," म्हणाले. त्यांच्यातला सिलेक्टर बोलला तो. मग बाप बोलला. "मी तोंड साफ केलं फक्त, बाय."

"बाबा, आतपर्यंत सगळं काढलंत तुम्ही."

आई आतून म्हणाली, "पण सांगतंस कशाक? कोणाक कळतला?" मी म्हटलं, पत्र देणार आहे उद्या. आई म्हणाली, "आणि नोकरी? शिकवलं ते ह्याच्यासाठी?"  बाबा आईला म्हणाले, "ह्याच्यासाठीच." मग मला, "माझं नाव घाल पत्रात. पूर्ण घाल."

संध्याकाळी ते अहवालाचं पान कपाटाच्या दारावरून काढलेलं दिसलं. कुठे ठेवलं विचारलं नाही.

२० जानेवारी

पत्र दिलं. सरांनी दोनदा वाचलं. चष्मा काढला.

"राखीव नमुन्यांचे आकडे वेगळे आले, एवढंच लिहिलं तरी भागेल. घरी नेलं, वडील, हे सगळं कशाला?"

"मग मशीनवर जाईल सर. म्हात्रेंवर."

"म्हात्रेंचं मी बघतो."

मी पत्र परत घेतलं नाही. सर म्हणाले, "तुमचं वय आहे हे असं करायचं." रागाने नाही. खूप थकल्यासारखे. मग माझ्यासमोरच छापखान्याला फोन केला, बांधणी थांबवा म्हणाले. पत्र अहवाल मंजूर करणाऱ्या समितीपुढे ठेवतील. तीस तारखेला बैठक.

म्हात्रे दिवसभर मशीनशीच होते. निघताना म्हणाले, "मी चहाला गेलो तेव्हाच मोजल्यास ना? डबा उघडा ठेवलेलास." एवढंच. रागावलेत की नाही, कळत नाही.

२३ जानेवारी

कमलताईंचा फोन. नंबर मीच दिला होता.

"काय झालं हो तुमच्या अहवालाचं? इथं म्हणतायत यंत्र नक्की."

"अजून नक्की नाही, ताई."

"तेव्हा म्हणाला होता, कळेल."

"हो. म्हणाले होते."

"बरं," म्हणाल्या. "तुमचं चुकत नाही. कोणालाच माहीत नसतं." फोन ठेवला. ह्यापेक्षा ओरडल्या असत्या तर.

२६ जानेवारी, रविवार

आई तांदूळ घेऊन बसली. बाबा शेजारी. सवयीने तिने परातीची अर्धी बाजू त्यांच्याकडे सरकवली, दर रविवारचं आहे हे. त्यांनी हात मांडीखाली दाबून घेतले.

"काय झाला?" आई.

"तूच निवड. माझ्या हातांचा भरवसा नाय."

 सगळे तांदूळ एकटीने निवडले. खूप सावकाश.

मी बाबांचं नाव छापायला गेले होते. त्यांच्याकडे उरलेली एकच गोष्ट होती, ती मी घेतली. पत्र दिलं हे बरोबर केलं, तरीही.

२९ जानेवारी

समितीने उद्या मला बोलावलंय. बाबा म्हणाले, मी पण येतो. म्हटलं, तुम्हाला नाही बोलावलं. म्हणाले, खाली थांबेन.

३० जानेवारी, गुरुवार

बाहेरच्या बाकावर बसून लिहितेय. पावणेबारा.

मला अर्धा तास विचारत होते. नमुने केव्हा नेले, किती दिवस होते, नियम ठाऊक होता का. ठाऊक होता, सांगितलं. समितीतले एक गृहस्थ म्हणाले, "यंत्रांची मागणी पुढे गेलेली आहे. आता मूठभर राखीव रुईवरून सगळं मागे घ्यायचं का? कमीजास्त होतंच असतं." दुसऱ्या बाई म्हणाल्या, "तिप्पट म्हणजे कमीजास्त नव्हे." दामले सर खाली बघत होते. मग त्या बाईंनी विचारलं, वडिलांनी हे समजून केलं की नकळत? मुद्दाम केलं असेल तर अहवाल रद्दच करावा लागेल. नकळत असेल तर दुरुस्ती जोडून भागेल.

मला माहीत नाही, म्हटलं.

"ते कुठे असतात?"

"खाली उभे आहेत."

आणायला गेले. फाटकाशी होते, पांढरा शर्ट, पेढीत जाताना घालायचे तो. जिना चढताना मध्ये थांबले, गुडघ्यासाठी असं मला वाटलं.

"काय विचारतले?"

सांगितलं. मुद्दाम की नकळत. आणि कशाने काय होईल, तेही. लपवलं नाही.

"मग मी काय सांगू?"

"खरं असेल ते सांगा, बाबा."

कठड्यावर हात ठेवून उभे राहिले. खाली कोणीतरी टेम्पो मागे घेत होतं, तिकडे बघितलं. मग म्हणाले, "पहिल्या दोन पुड्या हातान केल्यो. माका कळलाच नाय. पुढच्यो..." आणि माझ्याकडे बघितलं. "खरा काय ता माकाच ठावक नाय गो, बाय."

वर आलो. शिपाई म्हणाला, फक्त त्यांनाच आत पाठवा. दारापाशी त्यांनी चपला काढल्या. मी म्हटलं, इथे काढत नाहीत. तरी काढल्या.

दार लागलंय. आत खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग त्या बाईंचा आवाज, प्रश्न विचारल्यासारखा.

बाबा अजून बोललेले नाहीत.